एअर रायफलचा अक्रोडाचा दस्ता करायचाय, मग पटाश्या कुठल्या घ्यायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून छर्रा भरायच्या एअर रायफलचा दस्ता ग्रिपपाशी तडकलाय, काश्मिरी अक्रोडाचा ठोकळा मिळालाय, सुतारकामाची थोडीफार सवय आहे, तर ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारा बारा नगांचा कार्व्हिंग सेट घ्यावा का, की एकेक भारी पटाशी घ्यावी, आणि घ्यायची तर कुठल्या कंपनीची.

सेट घेऊ नका. भारी कंपनीचासुद्धा नको. त्या सेटमधल्या निम्म्या पटाश्या फुलं-पानं कोरायला असतात आणि तुम्हाला फुलं-पानं कोरायचीच नाहीयेत. दस्त्याचं काम दोन भागात वाटलेलं असतं, एक आतलं, म्हणजे लोखंड लाकडात बसवायचं, ज्याला सगळे इनलेटिंग म्हणतात, आणि दुसरं बाहेरचं, म्हणजे आकार द्यायचा. आतल्या कामाला चार-पाचच पटाश्या लागतात पण त्या मापाच्या आणि वस्तऱ्यासारख्या धारदार लागतात, बाहेरच्या कामाला पटाशी जवळजवळ लागतच नाही, तिथं कानस आणि रास्प, म्हणजे लाकडासाठीची भरड दातांची कानस, चालते. लोक नेमकं उलटं करतात, गोल पटाश्यांवर पैसे घालवतात आणि कानस घरात पडलेली गंजकी वापरतात, आणि धार लावायच्या दगडाचं तर नावच नाही.

आधी एक गोष्ट, कारण कोणीतरी विचारणारच. ४.५ एमएम म्हणजे पॉइंट १७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल लायसन्समध्ये येत नाही, तिचा दस्ता घरी करायला काही अडचण नाही. लायसन्सच्या बंदुकीचं काम मात्र परवाना असलेल्या गनस्मिथकडेच द्या, घरी उघडत बसू नका. आणि एअर रायफल असली तरी दस्ता काढताना छर्रा आत नाही आणि स्प्रिंग कॉक केलेली, म्हणजे दाबून अडकवलेली नाही हे दोनदा बघा, कॉक केलेल्या रायफलची बॅरल सटकन उलटी आली तर बोट जातं.

आता पटाशी विकत घ्यायच्या आधी रायफल सुटी करा आणि कॅलिपर घेऊन बसा. सिलिंडरचा, म्हणजे आत स्प्रिंग असलेल्या जाड नळीचा बाहेरचा व्यास मोजा, बहुतेक स्प्रिंग रायफलींचा २५ ते ३० एमएमच्या मध्ये कुठेतरी येतो. ट्रिगर ब्लॉकची रुंदी मोजा. पुढे कॉकिंग लिव्हरसाठी, म्हणजे स्प्रिंग दाबणाऱ्या दांड्यासाठी जी लांब खाच लागते तिची रुंदी मोजा. ट्रिगर ब्लॉकचे कोपरे काटकोनात आहेत का गोल आहेत ते बघा, गोल असतील तर त्यांची त्रिज्या लिहून ठेवा. हे चार-पाच आकडे म्हणजेच तुमची खरेदीची यादी, बाकी कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

सरळ पटाश्या तीन. ६ एमएम, १२ एमएम आणि एक २० किंवा २५ एमएमची. ट्रिगर ब्लॉक अरुंद असेल तर ३ एमएमची चौथी. या कडा उतरत्या असलेल्या, म्हणजे बेव्हल एज घ्या, सुताराची जाड विंधणी घेऊ नका, ती चौकटीत भोकं पाडायला ठीक आहे पण अरुंद खाचेत तिच्या जाड कडा भिंतीला घासतात आणि तुम्हाला टोक दिसतच नाही. दुकानात पटाशी हातात घेतली की दोन गोष्टी बघायच्या. एक, पाठ सपाट आहे का, टोकाकडचा इंच-दीड इंच तरी, पट्टी उभी धरून उजेडासमोर बघा, मधे पोकळ असेल तर चालेल पण मधे फुगलेली असेल तर परत ठेवा, ती दगडावर डुलत राहते आणि तुमचा आख्खा रविवार जातो. दुसरं, दोन्ही कडा एकमेकींना समांतर आहेत का. स्वस्त पटाशीत टोकाची रुंदी ६ आणि मागे साडेसहा निघते, ती खोल खाचेत गेली की अडकते आणि हलवून काढताना वरची कड फोडते. अक्रोडाची वरची कड एकदा फुटली की कितीही भरा, ती रेष कायम दिसत राहते.

गोल पटाशी एकच लागते सिलिंडरच्या नाळीसाठी, म्हणजे सिलिंडर ज्या गोल खाचेत बसतो तिच्यासाठी, आणि इथेच सगळे चुकीचं माप घेतात. सिलिंडर २८ एमएमचा म्हणून २८ एमएमला तंतोतंत बसणारी गोलाई शोधतात. नाळ कोरायला पटाशीची गोलाई नाळीपेक्षा जराशी जास्त वाकडी हवी, म्हणजे त्रिज्या लहान. मग तिची दोन्ही टोकं लाकडाच्या वर राहतात आणि मधली धार कापते. गोलाई नाळीपेक्षा चपटी असेल तर टोकं आधी रुततात आणि नाळीत उभ्या चिरा पडतात. कार्व्हिंगच्या पटाश्यांना नंबर असतात, शेफिल्डच्या जुन्या यादीत ३ नंबर जवळपास सपाट आणि ९ नंबर अर्धवर्तुळाच्या जवळ, मधले त्या क्रमाने. आपल्या कामाला बहुतेक वेळा ७-८ नंबरच्या आसपासची, १४ ते १८ एमएम रुंदीची येते, पण नुसत्या नंबरवर विसंबू नका, इंग्लिश नंबर आणि स्विस नंबर एकमेकांशी जुळत नाहीत, एका कंपनीचा ७ दुसरीच्या ८ सारखा निघतो. सोपा उपाय म्हणजे सिलिंडर कागदावर उभा ठेवून बारीक पेन्सिलने गोल काढा, तो कागद खिशात घालून दुकानात जा, पटाशीचं टोक त्या रेषेवर उभं धरा. दोन्ही टोकं रेषेच्या आतल्या बाजूला वळत असतील तर घ्या. ऑनलाइन घेणार असाल तर कंपनीचे गोलाईचे चार्ट मिळतात, ते खऱ्या मापात प्रिंट करून त्यावर सिलिंडर ठेवा.

गोल पटाशीची धार बाहेरून पाडलेली असते किंवा आतून. नाळ खोदायला बाहेरून पाडलेली. आतून धार असलेली वेगळ्याच कामाची, खाचेचं टोक गोल असेल, समजा ट्रिगर ब्लॉकचा मागचा कोपरा ६ एमएम त्रिज्येचा आहे, तर त्या त्रिज्येची आतून धारेची पटाशी सरळ उभी दाबली की गोल भिंत एका घावात नव्वद अंशात उतरते. बाहेरून धारेची तिथं वापरली तर भिंत तिरकी जाते. कोपरे गोल नसतील तर ही घेऊच नका.

एक वाकडी पटाशी मात्र घ्याच, डॉगलेग म्हणतात ती, ६ ते १० एमएम. तिचा दांडा पायरीसारखा वाकवलेला असतो म्हणून खोल खाचेचा तळ सपाट करताना मूठ काठाला अडकत नाही. सरळ पटाशीने तळ सपाट करायला गेलं की मूठ आडवी होत नाही, मग तळ मधे खोल आणि टोकांना उंच राहतो, मेटल दोन टोकांवर टेकतं आणि स्क्रू आवळला की दस्त्यावर ताण येतो. तुमचा जुना दस्ता तडकलाय ना, त्याच्या ट्रिगर खाचेचा तळ एकदा बघा, कदाचित तिथंच उत्तर सापडेल.

कंपन्यांचं म्हणाल तर स्वित्झर्लंडची फाइल (Pfeil), जर्मनीची टू चेरीज, इंग्लंडच्या अॅशली आयल्स आणि हेन्री टेलर, ऑस्ट्रियाची स्टुबाय, या सगळ्या उत्तम आहेत आणि सगळ्या महाग आहेत. एका दस्त्यासाठी सगळ्या पटाश्या या भावाच्या घ्यायची गरज नाही. माझं मत, गोल पटाशी आणि डॉगलेग चांगल्या कंपनीची घ्या कारण स्वस्तातल्या गोल पटाशीचं पातं जाड-बारीक असतं आणि ते घरी सुधारता येत नाही, सरळ पटाश्या चेक रिपब्लिकच्या नारेक्सच्या घेतल्या तरी भागतं, त्यांचं पोलाद कडकपणाच्या मापात ५९ रॉकवेलच्या आसपास असतं, धार टिकते आणि दगडावर लवकर लागते. मुंबईत असाल तर चोर बाजारात एक चक्कर मारा, जुन्या शेफिल्डच्या पटाश्या अजून निघतात, मार्पल्स किंवा सॉर्बी असा शिक्का आणि बाजूला कास्ट स्टील असं लिहिलेलं असतं. ते वाचून बिडाचं समजू नका, ते जुन्या पद्धतीचं मुशीतलं पोलाद, आजच्या पुष्कळ पटाश्यांपेक्षा सरस. फक्त पाठीवर गंजाचे खोल खड्डे नकोत, खड्डा धारेपर्यंत आला की तिथं दात पडतो. नव्या हत्यारांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच.

डॉगलेग मिळालीच नाही तर करून घेता येते. ओएचएनएसची, म्हणजे तेलात विझवून कडक होणाऱ्या हत्यारी पोलादाची पट्टी घ्या, टूलरूमचा माल विकणाऱ्यांकडे मिळते, वाकवून घासून आकार द्या, साधारण ८०० अंशाला तापवून तेलात विझवा आणि मग २०० अंशाच्या आसपास, घासलेल्या भागावर फिकट गवती रंग येईपर्यंत, परत तापवा. हे दुसरं तापवणं गावाकडच्या लोहाराला सांगावं लागतं, तो पाणी चढवतो आणि तशीच देतो, मग टोक काचेसारखं तुटतं. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दिलं तर प्रश्नच नाही.

पण हे सगळं घेण्याआधी धार लावायचं सामान घ्या, त्याचे पैसे बाजूला काढून मग उरलेल्यात पटाश्या. नवीन पटाशी कुठल्याही कंपनीची असो, इनलेटिंगला लागते तशी धार घेऊन क्वचितच येते, पाजवावीच लागते. दोन दगड पुरतात, १००० आणि ६००० ग्रिटचे, किंवा जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवून ४०० पासून २००० पर्यंत या, तेवढंच चांगलं काम होतं. गोल पटाशीच्या आतल्या बाजूची बर, म्हणजे धार लावताना वळून आलेली कोर काढायला छोटा गोल कडांचा निसणा, तो नसेल तर गोल लाकडी काडीला २००० चा पेपर गुंडाळा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट. धारेचा कोन अक्रोडाला २५ अंश ठीक, शिसवीसारख्या कडक लाकडाला ३० करा नाहीतर टोक वळतं. आणि धार तपासायला नखावर किंवा हातावरच्या केसांवर जाऊ नका, पॅकिंगच्या खोक्याचं पाइन घ्या आणि त्याची आडवी टोकाकडची बाजू तासून बघा. मऊ लाकडाचे रेषे बोथट धारेने दबतात आणि पृष्ठभाग पांढरट, चुरगळलेला दिसतो. चकचकीत कापला गेला तरच ती पटाशी अक्रोडाजवळ न्या.

कामाचा क्रम हत्यारांशी जोडलेला आहे म्हणून सांगतो. ठोकळ्याच्या चारही बाजू रंध्याने काटकोनात, वर मध्यरेषा, स्क्रूची भोकं ड्रिल प्रेसवर ठोकळा चौकोनी असतानाच. मग आतलं सगळं काम. बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. आधी आकार कापून मग आत कोरायला बसलात तर ठोकळा वाइसमध्ये धरायला सपाट बाजूच उरत नाही आणि भोकं तिरकी जातात. खाचेतला बराच माल ड्रिलने काढा, पटाशीसाठी भिंतीला एक-दीड एमएमच ठेवा.

आता काजळ, मेटल आत नेमकं कुठे अडतंय ते बघायला. यात घाई नको. दिव्याचं काजळ थोड्या व्हॅसलिनमध्ये कालवायचं, जुन्या टूथब्रशने मेटलवर अगदी पातळ लावायचं, इतकं पातळ की खालचं लोखंड दिसायला हवं. मेटल सरळ खाली उतरवा, लाकडी मोगरीने वरून दोन हलके ठोके, आणि सरळ वर उचला, हलवत काढलंत तर काळे डाग भिंतीला फासले जातात आणि खोटं बोलतात. आत बघितलं की तीन-चार ठिकाणी काळे ठिपके दिसतील, तेवढेच उंच आहेत. पटाशीची पाठ लाकडावर टेकवून, हातोडी न घेता, हाताच्या जोराने तो काळा ठिपका तेवढा कागदासारखा तासायचा. ढलपी इतकी पातळ निघायला हवी की ती एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने लाकडाचीच दिसेल. मग परत काजळ, परत ठोके. सुरुवातीला ठिपके मोठे आणि मोजके असतात, हळूहळू बारीक आणि जास्त होत जातात, आणि तळभर सारखे पसरले की थांबायचं. गडद अक्रोडावर काजळ दिसत नाही, तिथं मशिनवाल्यांचा निळा रंग घ्या, नाहीतर सरळ स्वस्तातली लाल लिपस्टिक, ती फार छान उठते, फक्त घरात विचारून घ्या. लंडनचे पर्डीसारखे कारागीर, ती कंपनी १८१४ पासूनची, आजही दिव्याच्या धुराने मेटल काळं करून असंच बसवतात, त्यामुळे ही काही जुगाडू पद्धत वगैरे नाही.

सिलिंडरच्या नाळीचा शेवटचा हात पटाशीने देऊ नका. लेथवाल्याकडून लाकडी दांडा करून घ्या, सिलिंडरच्या व्यासातून कागदाच्या जाडीची दुप्पट वजा करून, त्याला ८० नंबरचा पेपर गुंडाळा आणि नाळीत लांब हात मारा. पेपरची जाडी वजा करायला विसरलं की नाळ सैल होते.

बाहेरच्या कामाला बॅंडसॉ किंवा करवतीने बाजूचा आणि वरचा आकार कापून घेतला की रास्प. पैसे असतील तर निकलसनच्या ४९ आणि ५० नंबरच्या, दस्ते करणाऱ्यांची ही जुनी जोडी आहे, ४९ भरड आणि ५० बारीक. नाहीतर जपानी शिंटो, करवतीची पाती जोडून केलेली असते, भराभर खाते आणि तुंबत नाही, मला तर सुरुवातीला हीच बरी वाटते. मग अर्धगोल कानस, आपल्या जेके फाइल्सची चालेल, रत्नागिरीतच बनतात. ग्रिपच्या खोलगट भागाला अर्धगोलची गोल बाजू, गालाच्या टेकूखालच्या वळणाला उंदराच्या शेपटीसारखी बारीक गोल कानस. स्पोकशेव्ह, म्हणजे दोन मुठींचा छोटा रंधा असेल तर पुढच्या भागाला उत्तम, पण अक्रोडात जिथं रेषा उलटी फिरते तिथं ती रेषे उचकटते, तिथं स्क्रेपर, म्हणजे खरवडायचा पोलादी पत्रा. जुने सुतार फुटक्या काचेने खरवडायचे, ते अजूनही चालतं, हातमोजा मात्र घाला.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण पटाशी शेवटी लाकडावरच चालते. काश्मिरी अक्रोड आणि ज्याला इंग्लिश, फ्रेंच, टर्किश वॉलनट म्हणून जग डोक्यावर घेतं ते एकाच जातीचं झाड. श्रीनगरच्या रैनावारीत बंदूक खार मोहल्ला आहे, तिथं पिढ्यान्‌पिढ्या याच लाकडाचे दस्ते होत आले. हे लाकूड आडवं कापलं तरी कोपरा धरून ठेवतं, म्हणूनच इनलेटिंगला याच्या तोडीचं दुसरं नाही. तिकडे अक्रोड तोडायला १९६९ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा ठोकळ्याची पावती मागून घ्या. ठोकळा ओला असेल तर सगळ्या पटाश्या वाया, जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा वाळवायचा जुना हिशोब, आर्द्रता १२ टक्क्यांच्या खाली आली की हात लावा. आणि आखणी करताना ग्रिपच्या बारीक भागातून रेषा लांबीच्या दिशेनेच सरळ गेल्या पाहिजेत, सुंदर नक्षी बटमध्ये, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागात येऊ द्या, ग्रिपमध्ये नको, तिरकी रेषा तिथं आली की नवीन दस्ताही त्याच जागी तडकणार.

सागाचा ठोकळा घरात आहे तो आधी वापरून बघू का असंही विचारलंय. सरावाला मुळीच नको. सागात सिलिका असते, धार बघता बघता मरते आणि तुम्हाला वाटतं पटाशीच वाईट. सरावाला अक्रोडाचेच कापून उरलेले तुकडे घ्या, त्यात ट्रिगर ब्लॉकची एक आख्खी खाच करा, ती बसली की मग खऱ्या ठोकळ्याकडे.

ग्रिपवरच्या चौकटीच्या जाळीसाठी, चेकरिंग म्हणतात ते, व्ही पटाशी घेऊ नका. त्याला डेम-बार्ट किंवा गनलाइनची दातांची वेगळी हत्यारं येतात, इंचाला किती रेषा त्या हिशोबाने. पहिल्यांदा करताना १८ किंवा २० रेषांची घ्या, २४ ची घेतली तर एक रेष चुकली की शेजारचे दाणे उडतात. एक रेषा पाडायचं, एक दोन रेषांमधलं अंतर राखायचं आणि एक कडेचं, अशी तीन पाती पुरतात, आणि ती दस्त्याला तेलाचे पहिले दोन-तीन हात देऊन पूर्ण वाळल्यावर वापरायची, म्हणजे दाण्यांची टोकं कोसळत नाहीत. ती आत्ता मागवायची घाई नाही, आधी मेटल नीट बसू दे.